प्रथमोपचाराची दुसरी इयत्ता

जखम धुऊन पट्टी बांधणे, भाजलेल्या जागी गार पाणी सोडणे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे आणि १०८ क्रमांकावर फोन लावणे एवढे ज्याला जमते, त्याने प्रथमोपचाराची पहिली इयत्ता पार केली असे मानायला हरकत नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळण्यासाठी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेली एक जबाबदार व्यक्ती असावी, असे घालून दिले. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेलच्या ज्या कारखान्यात मी हजेरी आणि भांडार सांभाळते, तिथली पेटी याच नियमाच्या वाटेने काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशेजारी आली. प्रमाणपत्रापुरते शिकून झाले होते. यंदा मात्र त्यापुढच्या पातळीचा वर्ग पूर्ण केला आणि त्यात नेमके काय वेगळे होते, हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

नव्या पट्ट्या आणि नवी उपकरणे शिकायला मिळतील अशी माझी अपेक्षा होती. तीही शिकवली गेली. पण वर्गाचा मोठा भाग दोन प्रश्नांनी व्यापला होता. अनेक गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या असताना आधी कशाला हात घालायचा, आणि हातातले काम संपल्यावर रुग्णवाहिका येईपर्यंत काय पाहत राहायचे? पहिल्या वर्गात प्रत्येक दुखापत सुटी भेटते. प्रत्यक्षात मागाच्या पट्ट्यात हात सापडलेल्या कामगाराचे हाड मोडलेले असते, रक्त वाहत असते, भीतीने तो घेरी येऊन पडलेला असतो आणि भोवती पंधरा माणसे एकदम बोलत असतात.

अशा वेळचा क्रम आम्हाला इतक्यांदा म्हणायला लावला की तो आता पाढ्यासारखा येतो. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचे, म्हणजे आमच्याकडे मुख्य स्विच बंद करायचा. मागांचा खडखडाट थांबल्याशिवाय जखमीचा श्वास ऐकूही येत नाही. मग जीवघेणा रक्तस्राव, त्यानंतर श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे बाजूला करून डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. श्वासमार्गाच्याही आधी रक्तस्राव का, याचे उत्तर सरळ आहे. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि मांडीतील मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच जीव जाण्याइतके रक्त वाहून जाऊ शकते. अर्थात, बोटाला कापले असेल तर हा नियम लागू नाही. रक्त उसळी मारून येत आहे का, जमिनीवर थारोळे साचते आहे का, कपडा बघता बघता भिजतो आहे का, एवढेच त्या पहिल्या नजरेत पाहायचे असते.

रक्तस्रावावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो योग्यच होता. थेट दाब हा पहिला उपाय, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो किती जोराने आणि किती वेळ द्यायचा, हे मात्र करून पाहिल्याशिवाय कळत नाही. दर मिनिटाला कापड उचलून आत डोकावण्याचा मोह अनावर असतो आणि तसे केले की धरू लागलेली गुठळी सुटते. जांघेसारख्या जागी जखम खोल असेल, तर वरून ठेवलेल्या पट्टीचा उपयोग होत नाही. गॉजची पट्टी बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासून भरावी लागते आणि मग तिच्यावर अंगाचे वजन टाकून दाबावे लागते. हा सराव आम्ही फोमच्या ठोकळ्यात कापलेल्या खाचेवर केला. खरी जखम असती तर माणूस ओरडला असता आणि माझा हात मागे आला असता, असे मी प्रशिक्षकांना म्हणाले. ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. “ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे, ताई. तुम्ही दाब सोडू नका,” एवढेच ते म्हणाले.

हातापायांतला रक्तस्राव दाबानेही थांबत नसेल, तर आवळपट्टी (टूर्निके). या साधनाविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत: काही जण ती कशालाही बांधतात, तर काही जण हात कापावा लागेल या भीतीने तिचे नावही काढत नाहीत. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर अंतरावर, कोपर किंवा गुडघ्याचा सांधा टाळून ती बांधायची. रक्त थांबेपर्यंत आवळायची. बांधल्याची वेळ ठळक लिहून ठेवायची आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सोडायची नाही. मधूनमधून सैल करण्याचा जुना सल्ला आता कोणी देत नाही, कारण प्रत्येक वेळी सैल केल्यावर आणखी रक्त जाते. आमच्या कारखान्यात सूत आणि दोऱ्या हाताशी असतात, त्यामुळे अडचणीत कोणीही सुतळीच घेईल. बारीक दोरी कातडीत रुतते, खालच्या ऊतींना इजा करते आणि धमनी मात्र नीट बंद होत नाही. पट्टी निदान चार बोटांच्या आसपास रुंद हवी आणि ती पिळायला एक भक्कम दांडी हवी. अशी पट्टी तयारच मिळते, तेव्हा तिची ऐनवेळी जुळवाजुळव करावी लागू नये, या मताची मी आहे.

यंत्रांजवळ काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या वाटल्या. बोट तुटून वेगळे झाले, तर ते थेट बर्फात टाकायचे नाही, कारण बर्फाच्या स्पर्शाने पेशी मरतात. ते स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून जखमीबरोबरच पाठवायची. दुसरी गोष्ट डोळ्यांची. उडालेला धोटा डोळ्यावर बसला किंवा डोळ्यात काही रुतले, तर चोळणे, धुणे आणि दाबणे तिन्ही वर्ज्य. कागदी पेला उपडा धरून डोळा झाकायचा आणि शक्य असेल तर दुसराही डोळा मिटून ठेवायला सांगायचे, कारण दोन्ही बुबुळे एकत्रच हलतात. याउलट ब्लीचिंग विभागात कॉस्टिक सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्यात उडाले, तर एक क्षणही न दवडता नळाखाली डोळा धरून निदान २० मिनिटे धूत राहायचे. त्याच इमारतीत, त्याच अवयवाला, दोन अगदी उलट उपचार लागतात. पहिल्या वर्गात मला याची कल्पना नव्हती.

आता पाहत राहण्याविषयी. शांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतो, हे आकडे पाठ करणे सोपे आहे. तेच आकडे दर पाच मिनिटांनी वेळेसह लिहीत राहणे कंटाळवाणे आहे, आणि नेमके त्यातच काही तरी हाती लागते. नाडी ९२ आहे, या एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ती ९२ वरून १०४ आणि तिथून ११८ झाली, त्याच वेळी हातपाय गार पडले, कपाळावर चिकट घाम आला आणि माणूस पाणी मागू लागला, तर बाहेर रक्ताचा थेंब दिसत नसला तरी पोटात, छातीत किंवा ओटीपोटाच्या हाडांच्या आत रक्त जात असल्याचा संशय घ्यायचा. रक्तदाब अशा वेळी बराच उशिरा कोसळतो, म्हणून “बीपी नॉर्मल आहे” या वाक्याने निश्चिंत होऊ नये. नख पाच सेकंद दाबून सोडल्यावर त्याचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला नाही, तर तेही एक चिन्ह आहे. या माणसाला आडवे झोपवायचे, अंगावर पांघरूण घालायचे आणि कितीही कळवळून मागितले तरी पाणी द्यायचे नाही, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. आपल्याकडे तहानलेल्याला नाही म्हणणे जड जाते. आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला.

नोंदीचा दुसरा भाग प्रश्नांचा आहे. काय होते आहे, कशाची ॲलर्जी आहे, कोणती औषधे चालू आहेत, आधीचे आजार कोणते, शेवटचे कधी आणि काय खाल्ले, आणि हे घडले तेव्हा नेमके काय चालले होते? माणूस शुद्धीवर असेपर्यंतच ही उत्तरे मिळतात, म्हणून ती आधी घ्यायची. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतात. त्यांच्या हाती कागद देताना वय, काय झाले, कुठे इजा दिसते, नाडी-श्वासाचे आकडे आणि आपण काय केले, हे अर्ध्या मिनिटात सांगता यायला हवे. याचाही सराव घेतला गेला. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येकाने “मी तिकडून येत होते, तेवढ्यात…” अशी गोष्ट सुरू केली.

सीपीआरविषयी, म्हणजे हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देण्याविषयी, थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, आणि श्वास देता येत असतील तर ३० दाबांमागे २ श्वास. पुढच्या पातळीवर भर होता तो दाब देणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलण्यावर, कारण थकल्याचे त्याला कळण्याआधीच दाब उथळ होऊ लागतात. दुसरे असे की हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटे अधूनमधून उचकीसारखा श्वास घेऊ शकतो. त्याला श्वास चालू आहे असे समजून थांबणे घातक ठरते. शेततळ्यात किंवा विहिरीत बुडालेल्याची गोष्ट वेगळी: तिथे मूळ कारण प्राणवायूचा अभाव हे असते, म्हणून श्वास देण्यापासून सुरुवात करायची आणि पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवायचा नाही.

सोलापुरात राहणाऱ्याने उष्माघाताकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जाणे इथे नवे नाही, आणि पत्र्याच्या छताखाली चालणाऱ्या मागांच्या शेडमध्ये त्याहून वाईट स्थिती असते. उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांतला फरक ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे. पहिल्याला घाम, चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येतात, पण तो नीट बोलतो. त्याला सावलीत नेऊन ओआरएसचे पाणी घोटाघोटाने पाजावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. हे मोजमाप चहाच्या चमच्याचे आहे आणि मीठ वाढवू नये. ज्याचे अंग भट्टीसारखे तापले आहे आणि जो असंबद्ध बोलतो, अडखळतो, भांडतो किंवा बेशुद्ध होतो, त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले आहे असे धरून चालावे. अंग कोरडेच असायला हवे असे नाही; श्रमाने उष्माघात झालेल्याला दरदरून घाम आलेला असू शकतो, आणि घाम पाहून लोक फसतात. इथे गार करणे आधी आणि हलवणे नंतर. कपडे उतरवून अंगावर पाणी ओतायचे, जोराचा पंखा लावायचा, मान, काखा आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचे नाही. टॉवेलच्या कारखान्यात ओले करायला कापडाची वाण पडत नाही, हे आमचे भाग्य. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, आणि खिशातल्या कांद्यावर माझ्या सासूबाईंचा कितीही विश्वास असला तरी त्याने रक्त गार होत नाही.

सर्पदंशाचा भाग शेतकरी कुटुंबांतून आलेल्या सहकाऱ्यांसाठी होता, पण मला तोच सर्वांत शिकवणारा ठरला. भारतात दंशाने होणारे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांशी जोडले जातात आणि आपल्याकडे मिळणारे बहुविध प्रतिविष या चारही विषांवर चालते; त्यामुळे साप मारून रुग्णालयात नेण्याची गरज नसते. पायाला करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने विष ओढणे हे सगळे अपायाचेच आहे, विशेषतः घोणस किंवा फुरसे चावले असेल तेव्हा, कारण त्यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते आणि चिरलेली जागा वाहत राहते. अंगठ्या, जोडवी, बांगड्या सूज येण्याआधी काढायच्या, मोडलेल्या हाडाला देतात तसा आधार देऊन तो अवयव स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचे नाही आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सिव्हिलमध्ये न्यायचे. तिथे डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते का ते पाहतात, ही साधी चाचणी किती निर्णायक असते हेही आम्हाला समजावले गेले.

मण्यारीविषयी वेगळे सांगायला हवे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताच्या खुणा दिसतातच असे नाही, वेदना आणि सूज जवळजवळ नसते. पहाटे माणूस पोटदुखीने उठतो, पित्त झाले म्हणून घरचे सोडा देतात, आणि मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, शब्द अडखळतात, गिळता येत नाही. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटदुखी आणि त्यापाठोपाठ मिटणाऱ्या पापण्या, ही जोडी दिसली की दंश आठवत नसला तरी रुग्णालय गाठायचे. वाटेत श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वास देत राहायचे, कारण विषाने लुळे पडलेले स्नायू उपचारांनी पुन्हा चालू होतात. मधल्या काळात त्याच्यासाठी कोणी तरी श्वास घेतला पाहिजे.

द्राक्षे आणि डाळिंबाच्या बागा असलेल्या या जिल्ह्यात फवारणीच्या औषधांची विषबाधाही यायलाच हवी होती. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगाला घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या आणि स्नायूंची थरथर दिसली, तर हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर चढवून त्याचे कपडे काढायचे, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवायचे आणि औषधाची बाटली बरोबर न्यायची. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची पद्धत गावोगाव टिकून आहे. उलटी श्वासनलिकेत गेली, तर विषाच्या जोडीला दुसरे संकट उभे राहते.

वर्गाच्या शेवटी एकाच वेळी अनेक जखमी असा सराव झाला. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याजवळ चेंगराचेंगरी झाली असे कल्पून आमच्यातलेच काही जण जमिनीवर पडले. जे चालू शकतात त्यांना आधी हाकेने बाजूला घ्यायचे. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, नख दाबल्यावर रंग दोन सेकंदांत न परतणारा किंवा साधी सूचनाही न कळणारा, तो सर्वांत तातडीचा. एकाजवळ अर्धा मिनिट, आणि पुढे. माझ्या पाठीमागे एक मुलगी अभिनय म्हणून इतकी मोठ्याने रडत होती की सगळे तिच्याकडेच धावले. भिंतीशी गप्प पडलेल्या, “आतून रक्तस्राव” लिहिलेली चिठ्ठी खिशात असलेल्या जॉबरकडे (मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाकडे) बराच वेळ कोणी गेले नाही. त्यावरून आमची चांगलीच हजेरी घेतली गेली.

पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर अपघात पाहून लोक गाडी थांबवत नाहीत, त्यामागे पोलिसांच्या चौकशीची भीती असते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी हे कलम प्रथमच ऐकले.

शिकलेले हात काही महिन्यांतच विसरू लागतात, म्हणून आता पगाराच्या दिवशी कामाची पाळी बदलताना आम्ही एक गोष्ट करून पाहतो: कधी आवळपट्टी, कधी पाठीवर पाच थापा आणि पोटावर पाच झटके देऊन घशात अडकलेले काढणे, कधी नुसती नाडी मोजणे. पेटीतून मुदत संपलेली मलमे आणि कापसाचे मोठे गुंडाळे काढून टाकले, कारण कापसाचे तंतू जखमेत चिकटतात. त्यांच्या जागी गॉजच्या लांब पट्ट्या, तयार आवळपट्टी, हातमोजे, ओआरएस, कागदी पेले, एक पेन आणि नोंदीचे छापील कागद आले. आमच्याकडे मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड बोलली जाते, म्हणून पेटीच्या झाकणावरची क्रमाची यादी तिन्ही भाषांत लावली आहे. तेलुगू मजकूर एका जुन्या विणकर मामांनी दोनदा तपासून दिला. रात्रपाळीला मात्र अजून प्रशिक्षित माणूस नाही. दोन जॉबरांनी पुढच्या वर्गाला यायचे कबूल केले आहे, आणि त्यांच्या त्या दिवसांची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकांकडून लेखी घेण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.